पहिला हॉर्न मोठा, बाकीचे दबून? असं नसतं

कोल्हापुरात मिरवणुकीच्या ब्रास बँडमध्ये तयार झालेली पोरं पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राकडे वळली की एक समज सोबत आणतात: हॉर्न (फ्रेंच हॉर्न, गोल वळवलेल्या नळीचं पितळी फुंकवाद्य) वाजवणाऱ्या चौघांत पहिल्यानं खणखणीत वाजवायचं, बाकीच्यांनी दबून. वर्षानुवर्षं हेच सांगितलं जातंय, आणि ते चूक आहे.

चौघांत सहसा पहिला-तिसरा वरचे सूर धरतात, दुसरा-चौथा खालचे. आपल्या कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात. म्हणून चौथा दबला की वरच्या तिघांच्या पायाखालची जमीनच जाते, पहिल्याला सूर टेकवायला जागा उरत नाही. चौथ्यानं पोट भरून वाजवावं. सूर त्याच्यावर उभे राहतात, त्यामुळे तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आता हात बघा. हॉर्नचं आवाज बाहेर पडणारं रुंद तोंड मागे वळलेलं, उजवा हात त्यात. एकानं पंजा जरा जास्त मिटला की त्याचा आवाज कोंदट होतो, सूरही उतरतो. मग आवाज कितीही समान असू दे, तो एकटा वेगळा ऐकू येणारच. तालमीत चौघांनी एकच लांब सूर धरावा आणि कुणीतरी समोर प्रेक्षकांत बसून ऐकावं, कारण वाजवणाऱ्याला स्वतःचा अंदाज नीट येत नाही.

ट्रम्पेटशी जोराची बरोबरी करू नका. जोरात वाजवताना एका ट्रम्पेटच्या तोडीला दोन हॉर्न लागतात, हा रचनाकारांचा जुना हिशेब आहे.