गिरणगावची अक्षरं आणि ‘मोकळी’ जमीन

लालबाग-परळच्या नाक्यानाक्यावर काळा फळा असायचा. त्यावरचा मजकूर रातोरात बदले: कोणाचं निधन, कुठे सभा, कोणत्या गिरणीवर गेट मीटिंग. वस्तीतलाच कोणी चांगल्या अक्षराचा मुलगा हौसेने हे काम अंगावर घेई, मथळ्याला रंगीत खडूने सावली देई. गिरणीच्या कुंपणभिंतीवर चुना आणि गेरूने घोषणा रंगत. फळा ओल्या फडक्याने पुसला जाई, भिंत पावसाने. वस्तीचा इतिहास अक्षरांतून मांडणारी तात्पुरती कला गिरणगावात करायची तर तिची परंपरा इथून सुरू होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही या भिंती घोषणांनी भरल्या होत्या. पण आजच्या रहिवाशांच्या आठवणीत ठळक आहे तो १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप. सुमारे २.५ लाख कामगार त्यात उतरले. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही.

भिंतींचं पुढे काय झालं, हे एका शब्दावर ठरलं आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मुंबईतल्या बांधकामाचे नियम ठरवणाऱ्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले: एक मैदानं-बागांसाठी पालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. जुनं बांधकाम तसंच ठेवून आत वापर बदलला, तर मात्र वाटा द्यावा लागत नसे. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या जमिनी’ची करायची असं ठरलं. मोकळी म्हणजे कोणती? शेड पाडल्यावर जी जागा रिकामी होते ती मोकळी की नाही? साध्या मराठीत ती मोकळीच. उच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २००५मध्ये तसाच अर्थ लावला. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला: आधीपासून जिच्यावर बांधकाम नव्हतं तेवढीच जमीन मोकळी. गिरण्यांचा बहुतेक आवार शेडखाली असल्यामुळे मैदानांच्या आणि घरांच्या वाट्याला उरलंच थोडं. २००१चा बदल गिरण्या सावरण्यासाठी आणि कामगारांची देणी भागवण्यासाठी केला, असं समर्थन तेव्हा दिलं गेलं. कामगारांच्या घरांचा प्रश्न पुढे कितीतरी वर्षं रेंगाळला, हे त्या समर्थनाशेजारी लिहायलाच हवं.

त्यानंतर सगळं झपाट्याने झालं. शेडच्या जागी मॉल आणि मनोरे आले, काही ठिकाणी गिरणीची फक्त धुराची चिमणी ठेवली. जाहिरातींतून ‘अप्पर वरळी’ असं नवंच नाव फिरू लागलं. लोअर परळमध्ये वाढलेल्या माणसाला आपला पत्ता त्यात सापडत नाही. रंगाऱ्यांचं काम फ्लेक्सने खाल्लं. १९९५च्या विद्रूपीकरणविरोधी कायद्याने परवानगीशिवाय भिंत रंगवणं गुन्हा ठरलं होतंच.

त्यामुळे आता इथे अक्षरं मांडायची तर पालिकेचा कागद लागेल, आणि बऱ्याच ठिकाणी ज्या भिंतीवर ती होती ती भिंतच नाही. उरतो रस्ता आणि फुटपाथ. तिथे काय लिहायचं? गिरण्यांची नावं, पाळ्यांच्या वेळा, गिरणीतल्या खात्यांची नावं लोक सुचवतीलच. माझ्या मते पहिला मान ‘मोकळी’ या तीन अक्षरांचा आहे. ती जुन्या शेडच्या हद्दीवर, शेडच्या रुंदीएवढी काढावीत. खडूने काढली तरी चालतील.