पार्श्वभूमी : ‘विंडो मॅनेजर बदला’ हा सल्ला कालबाह्य का झाला

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी, चार जीबी रॅमची कितीतरी यंत्रे लिनक्सच्या वाटेला लागली. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरात अशा यंत्रावर तीन लिप्या लागतात: घरचे लिखाण देवनागरीत, दुकानाची बिले आणि शाळेची कामे गुजरातीत, उरलेले रोमनमध्ये. म्हणून इथे ‘हलका डेस्कटॉप कोणता’ एवढे विचारून भागत नाही. कळफलक कोण सांभाळतो आणि जोडाक्षरे कोण जुळवतो, हेही पाहावे लागते. इथेच ‘डेस्कटॉप तोच ठेवा, विंडो मॅनेजर बदला’ हा जुना सल्ला फसवतो. तो देणारे चूक नव्हते. मधल्या काळात शब्दाचाच अर्थ सरकला.

लिनक्सवर खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था म्हणजे १९८७ ची एक्स-इलेव्हन, थोडक्यात ‘एक्स’. तिने पडद्यावर रंगवणे आणि कळफलक-माउसच्या हालचाली पोचवणे एवढेच अंगावर घेतले. खिडकीला चौकट लावणे, ती हलवणे, लहान-मोठी करणे हे काम वेगळ्या प्रोग्रॅमवर सोडले. तोच विंडो मॅनेजर. तो एका वेळी एकच असतो, पण एकाने जागा सोडली की दुसरा येऊन बसतो आणि उघड्या खिडक्या जागच्या जागी राहतात. पुढे १९९६ मध्ये केडीई आणि १९९७ मध्ये ग्नोम आले. पॅनेल, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज यांचा संच म्हणजे डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट आणि विंडो मॅनेजर त्यातला एक सुटा भाग. केडीई ज्यावर बांधले त्या क्यूटी या लायब्ररीच्या परवान्यावरून या दोघांत झालेला वाद क्यूटी २००० मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली आल्यावर शमला, पण तोवर दोन्ही संसार वेगळे थाटून झाले होते.

हा सुटा भाग बदलणे एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपच्या एक्स सेशनमध्ये आजही जमते. नव्या विंडो मॅनेजरला ‘रिप्लेस’ हा पर्याय देऊन चालवा. ओपनबॉक्स तसा लगेच बसतो. आय-थ्रीसारखा टाइलिंग, म्हणजे खिडक्या फरशांसारख्या शेजारी शेजारी बसवणारा, मॅनेजर आणायचा तर ‘सेशन अँड स्टार्टअप’मध्ये जाऊन एक्सएफडेस्कटॉप ‘नेव्हर’ करा. तो पार्श्वभूमीचे चित्र रंगवतो, पण आय-थ्रीला ती साधी खिडकी वाटते आणि ती अख्खा पडदा व्यापून बसते. मग कीबोर्ड सेटिंग्जमधले एक्सएफसीईचे शॉर्टकट काढा. एक्समध्ये कळांची एक जोडी एकाच प्रोग्रॅमला धरता येते, जो आधी धरेल त्याची. शेवटी जुने जतन केलेले सेशन पुसा. हे राहिले तर पुढच्या लॉगिनला जुनाच मॅनेजर परत येतो, आणि बहुतेक जण अडकतात ते इथेच.

गुंता सुरू झाला २००४ पासून. एक्सला कंपोझिट नावाची जोड मिळाली: खिडक्या थेट पडद्यावर न रंगवता आधी बाजूला रंगवायच्या, मग एकत्र करून दाखवायच्या. हे एकत्र करणारा तो कंपोझिटर. पिकॉमसारखे प्रोग्रॅम फक्त तेवढेच काम करतात. २००६ मध्ये डेस्कटॉप फिरत्या घनावर दाखवत आलेला कॉम्पिझ मात्र विंडो मॅनेजर आणि कंपोझिटर दोन्ही होता. लोकांनी घन पाहिला, दोन्ही शब्द एकच समजले, आणि तो समज आजतागायत टिकून आहे.

एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ ने त्याच्या पुढचे पाऊल टाकले. ग्नोम २ मध्ये मेटासिटी हा विंडो मॅनेजर काढून कॉम्पिझ बसवता येत होता. ग्नोम ३ मध्ये मटर हा विंडो मॅनेजर ‘शेल’च्या, म्हणजे पॅनेल दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आतच लायब्ररी म्हणून गेला. पॅनेल, खिडक्या, शॉर्टकट सगळे एका प्रोसेसमध्ये. बदलण्याजोगा भागच उरला नाही. एक्सची जागा घेणारी नवी व्यवस्था, वेलँड, तेव्हा सर्वसामान्यांपर्यंत पोचलीही नव्हती, म्हणजे सगळा दोष वेलँडवर टाकता येत नाही. यातून मिळालेली सफाई खरी आहे, तरीही हा निर्णय वापरणाऱ्यांवर लादला गेला असेच म्हणावे लागते. सुटे भाग गेले आणि त्यांच्या जागी एक्सटेन्शन, म्हणजे शेलला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, आली. ती शेलच्या आतल्या कोडलाच हात घालतात, त्यामुळे आवृत्ती बदलली की मोडतात. सप्टेंबर २०२३ च्या ग्नोम ४५ मध्ये तर मॉड्यूलची पद्धतच बदलली आणि एकूण एक एक्सटेन्शन दुरुस्त करावे लागले. मेट आणि सिनॅमन हे डेस्कटॉप जन्मले ते याच २०११ च्या नाराजीतून.

वेलँडचे काम २००८ मध्ये सुरू झाले, १.० आवृत्ती २०१२ ची. यात डिस्प्ले सर्व्हर (एक्सने अंगावर घेतलेले काम), कंपोझिटर आणि विंडो मॅनेजर ही तिन्ही कामे सहसा एकच प्रोग्रॅम करतो. त्यामागचे कारण पटणारे आहे: एक्समध्ये कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकीत टाइप होणारा पासवर्ड वाचू शकतो, वेलँडमध्ये तसे होत नाही. पण चालत्या सेशनमध्ये मॅनेजर बदलणे गेले. एक्सवर ग्नोम शेल अडकले तर ऑल्ट-एफ२ दाबून ‘आर’ दिला की शेल नव्याने उठायचे, खिडक्या शाबूत. वेलँडवर कंपोझिटर कोसळला की सहसा उघडे प्रोग्रॅमही जातात. सप्टेंबर २०२५ च्या ग्नोम ४९ मध्ये एक्सचे सेशन मुळातच बंद ठेवले गेले, त्यामुळे तिकडून परतीची वाटही अरुंद झाली आहे.

आपल्या लिपीला याचा फटका दोन ठिकाणी बसतो. पहिला अक्षरजुळणीचा. डीडब्ल्यूएम हा अगदी हलका मॅनेजर आपल्या पट्टीवरचा मजकूर एक्सएफटी या साध्या फाँट-लायब्ररीने रंगवतो. फाँट सापडतो, पण अक्षरे जुळत नाहीत. तारीख मराठीत ठेवली तर ‘शनिवार’मधली ऱ्हस्व वेलांटी न च्या डावीकडे न जाता उजवीकडे पडते आणि व च्या डोक्यावर चढते, खिडकीच्या नावात ‘ग्वाल्हेर’ असेल तर त्याचे जोडाक्षर सुटून पाय मोडलेला ग वेगळा दिसतो. फाँट बदलून हे सुटत नाही, कारण चूक फाँटची नसतेच. आय-थ्री आणि त्याच धर्तीचा वेलँडवरचा स्वे यांच्या पट्ट्या अक्षरे जुळवणारी पँगो ही लायब्ररी वापरतात, त्यांत ‘पँगो:’ लावून फाँट दिला की मजकूर नीट येतो.

दुसरा फटका कळफलकाचा. एक्समध्ये सेटएक्सकेबीमॅप या कमांडने दिलेली मांडणी यूएसबी कळफलक काढून लावला की जाते. ती टिकवायला सिस्टिमच्या कॉन्फिग फाइलीत लिहावी लागते. एका वेळी चारच मांडण्या चालतात, पण मराठीच्या मांडणीतच हिंदी भागत असल्याने बडोद्यात तीन पुरतात. वेलँडवर हीच कमांड फक्त एक्सवेलँडमधल्या, म्हणजे वेलँडवर एक्सच्या आधाराने चालणाऱ्या, जुन्या प्रोग्रॅमना लागू होते. त्यामुळे एका खिडकीत मराठी उमटते, शेजारच्या खिडकीत नाही, आणि माणूस फाँट शोधत बसतो. मांडणी कंपोझिटरलाच सांगावी लागते.

डिसेंबर २०२४ च्या एक्सएफसीई ४.२० ने प्रायोगिक वेलँड सेशन दिले, पण स्वतःचा विंडो मॅनेजर वेलँडवर न आणता लॅबडब्ल्यूसी किंवा वेफायर या वेलँड कंपोझिटरांपैकी एक घेण्याची मुभा ठेवली. लॉगिनआधी का होईना, निवड पुन्हा हातात आली. लॅबडब्ल्यूसीच्या कॉन्फिग फोल्डरात ‘एन्व्हायर्नमेंट’ या फाइलीत एक्सकेबी-डिफॉल्ट-लेआउटसमोर ‘यूएस, इन, इन’, व्हेरियंट (मांडणीचा प्रकार) समोर आधी स्वल्पविराम, मग ‘मराठी, गुज’, आणि ऑप्शन्ससमोर विंडोज-स्पेसने अदलाबदल लिहायची. सगळे रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता. सुरुवातीचा स्वल्पविराम विसरला तर ‘मराठी’ हा प्रकार इंग्रजी मांडणीला चिकटतो, तसा प्रकार तिथे नसतो आणि मराठी-गुजराती दोन्ही गायब होतात. जमले की इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण मांडणीत के या कळेवर मराठीतही क आणि गुजरातीतही ક च, म्हणजे बोटांना दुसरा कळफलक शिकावा लागत नाही.