गुंठेवारी नियमितीकरण

शेतजमिनीचे विनापरवाना तुकडे पाडून वसलेल्या वसाहतींना मान्यता देऊन तेथे रस्ते, पाणी व मलनिःसारण पोहोचवण्याची नागरी पद्धत. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे तिला विशेष महत्त्व आहे.

गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग. 33 फुटांची, 16 आण्यांत विभागलेली मोजणी-साखळी लांबी-रुंदीला एकेकदा धरली, की 1,089 चौ. फूट (सु. 101 चौ. मी.) भरतात. शब्दाचे मूळ निश्चित नाही. संस्कृत ‘गुण्ठ्’ (वेढणे) या धातूशी तो जोडता येतो, पण अर्थ जुळत नाही; याच मापाला कन्नडमध्ये ‘गुंटे’ व तेलुगूत ‘गुंट’ म्हणतात, त्यामुळे द्राविडी मूळ अधिक संभवनीय. ‘वारी’ हा ‘रयतवारी’तलाच फारसी प्रत्यय. हैदराबाद संस्थानात हे माप बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुंबई इलाख्याच्या धर्तीवरील पैमाइशीबरोबर (जमीन मोजणीबरोबर) स्थिरावले.

चिकलठाणा व वाळूज औद्योगिक वसाहतींमुळे आलेल्या कामगारांनी ‘20 बाय 30’ फुटांचे प्लॉट बाँडवर घेतले. पुंडलिकनगर, मिसारवाडी, नारेगाव हे भाग असेच वाढले. बाँड म्हणजे मुद्रांक कागदावरचा करार. नोटरी झाली तरी ते नोंदणीकृत खरेदीखत नव्हे, आणि सातबारावर मूळ शेतकऱ्याचेच नाव राहते. फाईल अडते ती बहुतेक येथेच.

महाराष्ट्राच्या 2001 च्या गुंठेवारी अधिनियमाने 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या वसाहती पात्र ठरवल्या. 2021 च्या दुरुस्तीने ही मर्यादा 31 डिसेंबर 2020 झाली. खाजगी वा सरकारी जागेवरील अतिक्रमण गुंठेवारीच्या व्याख्येतच बसत नाही. अर्जासोबत मालकीचा पुरावा, रेखांकन (प्लॉट व रस्त्यांचा आराखडा) व बांधकामाचा नकाशा लागतो. प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवण्याचे) व विकास शुल्क भरावे लागते. तुकड्यांचे दस्त नोंदवण्यावर निर्बंध घालणारे जुलै 2021 चे परिपत्रक उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे 2022 मध्ये रद्द केले.

वसुलीपेक्षा कामांचा क्रम मोलाचा. आधी ड्रेनेज, मग जलवाहिनी, शेवटी रस्ता. दहा-पंधरा फुटांच्या गल्लीत ड्रेनेज सर्वांत खोल जाते. 150 मिमी नळाला सुमारे 100 फुटांस 1 फूट उतार दिल्यास गाळ साचत नाही. आधी सिमेंट रस्ता झाला, की नळासाठी तो फोडावा लागतो. जुना थर न खरवडता त्यावर नवा ओतत गेल्यास रस्ता जोत्याच्या वर येतो आणि पावसाचे पाणी उंबरा ओलांडून घरात शिरते. मग रहिवासी दारात विटांचा बांध घालतात. काळ्या मातीत मुरमाचा पुरेसा भराव नसेल तर उन्हाळ्यात रस्ता आणि जोते दोन्ही तडकतात.

प्लॉटनिहाय मंजुरी सोपी असते, पण रस्तारुंदी व खुली जागा यांचा निर्णय संपूर्ण रेखांकनावरच नीट होतो. म्हणून वसाहतनिहाय पद्धत श्रेयस्कर मानावी लागते. नांदेड, लातूर व परभणी येथेही हाच अधिनियम लागू आहे.