मरियम हसन : उशिरा नाव मिळालेला आवाज

आफ्रिकेच्या वायव्य टोकाकडच्या पश्चिम सहाराची गायिका मरियम हसन हिचं नाव युरोपातल्या रसिकांच्या कानी पडलं तेव्हा तिनं चाळिशी गाठली होती. गात मात्र ती कितीतरी आधीपासून होती. मधली वर्षं कुठे गेली हे समजायला तिच्या मुलखाची हकिगत पाहावी लागते.

तिचा जन्म १९५८ चा, स्मारा शहराजवळचा. कुटुंब भटक्या पशुपालकांचं, आणि प्रदेश स्पेनच्या ताब्यातला. इथल्या परंपरागत हौल संगीतात तबल हे वाद्य बायकांचं. लाकडी परातीसारख्या खोलगट भांड्यावर कातडं ताणून बसवायचं, ढिलं पडलं की शेकोटीवर धरायचं आणि भोवती बसून तळहातांनी वाजवायचं. हौलमध्ये आपल्या रागांसारखे भाव ठरलेले प्रकार असतात. ‘फागू’ अंगात वीरश्री आणणारा, तर ‘लेब्तेत’ जुन्या आठवणींनी व्याकूळ करणारा. पुढे मरियमला दोन्हींची भरपूर गरज पडली.

१९७३ मध्ये स्वातंत्र्यासाठी पोलिसारियो आघाडी उभी राहिली. १९७५ च्या नोव्हेंबरात स्पेननं माद्रिदमध्ये करार करून हा मुलूख मोरोक्को आणि मॉरिटानियाच्या हवाली केला. युद्ध पेटलं आणि हजारो सहरावी, म्हणजे पश्चिम सहाराची मूळ रहिवासी, कुटुंबं अल्जीरियातल्या तिंदुफजवळच्या ओसाड पठारावर आली. मरियमही त्यांत होती. फेब्रुवारी १९७६ मध्ये सहरावी प्रजासत्ताकाची घोषणा झाली. (भारतानंही १९८५ मध्ये त्याला मान्यता दिली होती, २००० मध्ये ती काढून घेतली.) त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसारियोचा तरुण नेता अल-वली मुस्तफा सईद मॉरिटानियाची राजधानी नुआकशॉटवरच्या हल्ल्यात मारला गेला आणि निर्वासितांच्या गानपथकाला ‘शहीद अल-वली’ हे नाव मिळालं.

मरियम या पथकात गायची, एरवी छावणीत परिचारिकेचं काम करायची. पुरुष आघाडीवर असल्यानं छावण्यांचा सगळा कारभार बायकांच्याच अंगावर होता. शिधावाटप, शाळा, दवाखाने त्याच चालवत. पथक देशोदेशी जाऊन सहरावींची बाजू मांडायचं, पण नाव असायचं ते शहिदाचं आणि चळवळीचं. गायिका कोण, हे विचारण्याची ती वेळ नव्हती. तिचे तीन भाऊ या लढाईत गेले.

१९९१ मध्ये युद्धविराम झाला, सार्वमताचं आश्वासन मिळालं आणि ते आजवर लटकलेलंच आहे. नव्वदीच्या अखेरीस माद्रिदच्या नुबेनेग्रा या संगीतकंपनीनं छावण्यांतलं संगीत ध्वनिमुद्रित करायला घेतलं. तिथून मरियम स्वतःच्या नावानं ऐकू येऊ लागली. २००२ च्या सुमारास ती बार्सिलोनाजवळच्या साबादेलला राहायला गेली, म्हणजे ज्या देशानं तिच्या लोकांना वाऱ्यावर सोडलं त्याच देशात. २००५ मध्ये ‘देसेओस’ हा तिचा स्वतंत्र अल्बम आला. त्याच काळात तिला स्तनाच्या कर्करोगानं गाठलं, आणि या अल्बमची जडणघडण करणारा गिटारवादक बाबा सलामा त्याच वर्षी वारला.

माझ्या मते तिच्या कारकिर्दीतली सर्वांत धारदार रचना २०१० च्या ‘शौका’ अल्बममधली त्याच नावाची आहे. शौका म्हणजे काटा. स्पेनचे समाजवादी नेते फेलिपे गोन्झालेझ यांनी नोव्हेंबर १९७६ मध्ये छावणीत भाषण केलं होतं : अंतिम विजयापर्यंत आम्ही तुमच्यासोबत आहोत. पुढे ते तेराहून अधिक वर्षं पंतप्रधान होते, पण शब्द पाळला गेला नाही. मरियमनं ते भाषणच रचनेत घेतलं आणि त्याला गाण्यातून उत्तर दिलं. घोषणागीतं गात वाढलेल्या गायिकेनं घोषणा बाजूला ठेवून हिशेब मागितला, तोही साबादेलमध्ये राहून.

त्याच वर्षाच्या शेवटी पश्चिम सहारातल्या अल-अयुन शहराजवळच्या गदेम इझिक इथला सहरावींचा निषेधतळ मोरोक्कोच्या सुरक्षा दलांनी उधळला. २०१२ च्या ‘अल-अयुन एगदात’ या अल्बमच्या नावातच ते शहर पेटलेलं आहे. यात वाद्यमेळ बराच बदललेला आहे. निव्वळ हौलच्या शोधात येणाऱ्याला तो खटकेल.

आजार बळावल्यावर ती छावणीत परतली. २२ ऑगस्ट २०१५ रोजी तिंदुफजवळच्या स्मारा छावणीत तिचं निधन झालं. तिथल्या छावण्यांना मायभूमीतल्या शहरांचीच नावं दिलेली आहेत. खरं स्मारा मोरोक्कोनं उभारलेल्या सुमारे २,७०० किलोमीटर लांबीच्या भिंतीपलीकडे आहे.