मे महिन्यातही न वितळणारं तेल

डिसेंबर लागला की बेळगावात खोबरेलाची बाटली सकाळी उन्हात ठेवावी लागते. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं आणि इथली थंडीतली पहाट त्याच्या बरीच खाली असते. त्याच फळीवर आमच्याकडे आणखी एक वस्तू असायची: अंड्याएवढा, पिवळट पांढरा, मेणासारखा टणक गोळा. जांबोटी-कणकुंबीकडचं कुणी आलं की पिशवीतून आमसुलांबरोबर तो निघायचा. त्याला थंडी-ऊन सारखंच. मे महिन्यातही तो तसाच.

हे कोकमाचं तेल, टाचांच्या भेगांवर लावायचं. गोव्यात नि तळकोकणात याला भिरंडेल म्हणतात. मला तेल हा शब्द जरा फसवा वाटतो. घाटावरच्या कानडी मुलखात कोकमाचाच भाऊबंद असलेल्या उप्पगेच्या बियांपासून अशीच चरबी काढतात, तिला म्हणतात उप्पगे तुप्पा, म्हणजे तूप. ते नाव जास्त खरं.

उन्हाळ्यात फळं फोडून साली आमसुलांसाठी गेल्या की बिया उरतात. त्या वाळवायच्या, फोडून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या. चरबी पाण्याहून हलकी, म्हणून वर तरंगते. ती काढून घेतली की थिजते आणि हातानं तिचे गोळे वळता येतात.

ती एवढी टणक का? कुठल्याही तेला-तुपाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन साखळ्या. कोकमात बहुतेक रेणूंची मांडणी एकच: दोन कडांना स्टिअरिक आम्ल, मध्ये ओलेइक. स्टिअरिकची साखळी सरळ असते, ओलेइकची मध्येच वाकलेली. सरळ काटक्यांची मोळी घट्ट बसते, वाकड्यांची बसत नाही. करडईच्या तेलात जवळजवळ सगळ्याच काटक्या वाकड्या, म्हणून ते पातळ. कोकमात निम्म्याहून जास्त सरळ, म्हणून ते ४० अंशांच्या आसपास वितळतं. कोको बटर ३४-३५ अंशांना विरघळतं, म्हणून चॉकलेट जिभेवर टिकत नाही. कोको बटरच्या जोडीला चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पतिजन्य चरबी वापरायला युरोपीय संघाची परवानगी आहे, त्यांत कोकमही आहे. आमच्या टाचांचं तेल तिकडे चॉकलेटात!

आता टाचेकडे येऊ. तळपायाला घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तेलाच्या ग्रंथी अजिबात नाहीत. वरचा मृत थर जाड. कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडालं की तो कडक होतो, वरून अंगाचा भार पडतो आणि भेग पडते. कोकमाचं तेल त्या थरावर झाकणासारखं बसतं आणि पाणी उडणं कमी करतं. ते स्वतः पाणी घालत नाही. म्हणून पाय कोमट पाण्यात भिजवून, अर्धवट टिपून, ओलसर असतानाच लावायचं आणि मोजे घालून झोपायचं. कोरड्या टाचेवर लावलं, तर झाकण आहे पण भांडं रिकामं.

गोळा नुसता घासून काही होत नाही. कातडीचं तापमान साधारण ३२-३३ अंश, टाचेचं त्याहून कमी. आजी गोळा चिमणीच्या ज्योतीजवळ धरायची आणि सुटलेला थेंब भेगेत सोडायची. त्यामागे हेच गणित होतं. थेंब चटका बसण्याइतका गरम नको, एवढंच.

रोजच्या वापराला मी एक भाग कोकमाचं तेल आणि दोन भाग करडईचं तेल घेते. गरम पाण्यात वाटी ठेवून वितळवते आणि डबी लगेच थंड पाण्यात ठेवते. सावकाश थंड होऊ दिलं तर मोठे स्फटिक बनतात आणि मलम रव्यासारखं लागतं. त्यात पाणी किंवा कोरफडीचा गर घालू नये. पाणी आलं की बुरशी नि जिवाणू आले. नुसत्या तेला-तुपात त्यांना वाढता येत नाही.

शिया बटर पश्चिम आफ्रिकेतल्या, आपल्या मोहाच्या कुळातल्या झाडाचं. ते मऊ, लावायला सोपं, पण झाकणाचं काम तेच. खरं सांगायचं तर पाणी अडवण्यात स्वस्तातली पेट्रोलियम जेली या सगळ्यांना मागे टाकते. ती चिकट लागते, ही माझी तक्रार वेगळी. सगळी बटरं ‘त्वचेत खोलवर जातात’ किंवा उन्हापासून वाचवतात, या जाहिराती मात्र सोडून द्याव्यात. मुरमं येणाऱ्यांनी ती चेहऱ्याला लावू नयेत. मधुमेह असेल, किंवा भेगेतून रक्त-पू येत असेल, तर घरी प्रयोग नकोत, डॉक्टरांना दाखवावं.

माझ्या मिश्रणात एक खोट आहे. करडई आली की गोळ्याचा तो उन्हाळ्याला दाद न देणारा स्वभाव जातो. शिमगा उलटला की डबीतलं मलम ढिलं पडतं. शिवाय करडई कोकमापेक्षा लवकर खवट होते. म्हणून दिवाळीनंतर एक छोटी डबी आणि संक्रांतीला दुसरी, एवढंच करते. फळीवरचा गोळा पुढच्या थंडीपर्यंत तसाच बसून असतो.