पार्श्वभूमी : वाढदिवस आणि जन्मसालाची वाइन

चाळिशी, पन्नाशी किंवा साठी गाठली की मोजक्या मित्रांना बोलवायचं आणि आपण जन्मलो त्या सालच्या तीन-चार बाटल्या उघडून चाखायच्या, हा प्रकार वाइनच्या शौकिनांमध्ये आता चांगलाच रुळला आहे. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. वाइन इतकी वर्षं टिकली पाहिजे, ती कोणत्या हंगामातली हे तिच्यावर लिहिलेलं पाहिजे आणि त्या सालाला काही मोल आहे असं लोकांना वाटलं पाहिजे. रोमन काळात हे तिन्ही जुळून आलं होतं. पुढे ते मोडलं आणि शेकडो वर्षांनी काचेमुळे पुन्हा जुळलं.

रोमन लोक वर्ष ओळखायचे ते त्या वर्षीच्या कॉन्सलांच्या, म्हणजे दरसाल निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या नावांनी. वाइनच्या मातीच्या कुंभांवरही तीच नावं घातली जात. इ.स.पू. 121 मध्ये लुसियस ओपिमियस कॉन्सल होता. त्या वर्षी ऊन असं काही पडलं की ‘ओपिमियन’ हे उत्तम वाइनचं नावच होऊन बसलं. सुमारे दोनशे वर्षांनी प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलं आहे की ही वाइन अजून मिळते, पण ती मधासारखी घट्ट आणि इतकी कडू झाली आहे की पाणी घातल्याशिवाय पिता येत नाही. म्हणजे नुसत्या जुनेपणाला पैसे मोजणारे तेव्हाही होतेच. आपल्या विषयाच्या दृष्टीनं मात्र रोमन कवी होरेस जास्त महत्त्वाचा. त्याचा जन्म इ.स.पू. 65 चा, मॅनलियस कॉन्सल असतानाचा. एका कवितेत तो वाइनच्या कुंभालाच हाक मारतो: तू माझ्याबरोबर, मॅनलियसच्या वर्षी जन्मलेला. कॉर्व्हिनस नावाच्या मित्राला मुरलेली वाइन हवी आहे, तेव्हा आता खाली ये, असं तो त्या कुंभाला विनवतो. कवी तेव्हा चाळिशीच्या आसपास होता आणि कुंभही तेवढ्याच वयाचा.

मग कुंभ गेले आणि लाकडी पिंपं आली. पिंप गडगडत नेता येतं, फुटत नाही, पण त्यातून हवा आत शिरते. वर्षभरात वाइन उतरू लागायची, उन्हाळा लागला की आंबट व्हायची. त्यामुळे मध्ययुगातल्या युरोपात नव्या वाइनला भाव जास्त आणि जुनीला कमी. अशा बाजारात जन्मसालाची वाइन जपून ठेवणं म्हणजे शिर्का जपून ठेवणं.

हे चित्र पालटलं ते इंग्लंडमध्ये, आणि वाइनशी काडीचा संबंध नसलेल्या कारणानं. जहाजांसाठी लाकूड वाचवायचं म्हणून 1615 मध्ये राजा पहिला जेम्स यानं काचेच्या भट्ट्यांना लाकूड जाळायला बंदी केली. भट्ट्या दगडी कोळशावर आल्या, आच वाढली आणि जाड, काळपट, मजबूत बाटल्या निघू लागल्या. त्यांना बूच घट्ट बसवता येत होतं. सुरुवातीच्या बाटल्या कांद्यासारख्या बुटक्या आणि फुगीर होत्या. अठराव्या शतकात त्या उंच आणि सरळ झाल्या, तेव्हा कुठे त्या आडव्या रचता येऊ लागल्या. माझ्या मते सगळ्या इतिहासातला कळीचा बदल हाच. बाटली आडवी असली की बूच ओलं राहतं, आक्रसत नाही आणि वाइन दशकानुदशकं टिकते.

या नव्या बाटलीचा पुरेपूर उपयोग केला तो पोर्टनं. पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातली ही वाइन, आंबवणं अर्ध्यावर असताना त्यात ब्रँडी घालून थांबवलेली, म्हणून गोड आणि कडक. एकाच चांगल्या वर्षातली ‘व्हिंटेज पोर्ट’ दोन-तीन वर्षांत बाटलीत जाते आणि मग पंधरा-वीस वर्षं तरी तुरट, अंगावर येणारीच राहते. इंग्रज श्रीमंतांनी त्यातून एक चाल पाडली. मूल जन्मलं की बापानं किंवा धर्मपित्यानं त्या सालची पोर्ट तळघरात ठेवायची आणि मुलानं एकविसाव्या वर्षी, सज्ञान झाल्यावर, ती उघडायची. हौशी माणूस पिंपच्या पिंप घ्यायचा, म्हणजे साधारण 700 बाटल्या! पुढे 1970 मध्ये इंग्लंडात सज्ञानतेचं वय एकवीसवरून अठरावर आलं, पण पोर्टला तो कायदा कुणी सांगितला नाही. ती अजूनही विशी उलटल्याशिवाय नरमत नाही.

चीनमधल्या शाओशिंगची तांदळाची मद्यंही याच वळणाची. तिथे मुलगी झाली की मद्याचे रांजण जमिनीत पुरायचे आणि तिच्या लग्नात काढायचे, अशी परंपरा सांगतात. दोन्हीकडे मद्य ठेवणारा एक, पिणारा दुसरा, आणि ठेवणाऱ्याची नजर पुढच्या काळावर.

आजच्या वाढदिवसाच्या मैफलीत हे उलटं झालं आहे. आपल्यासाठी कुणी काही ठेवलेलं नसतं, म्हणून आपण मागे वळून शोधायला निघतो. हे शक्य केलं जुन्या वाइनच्या बाजारानं. फ्रान्सच्या बोर्दो भागात 1924 साली मूताँ रोत्शिल्ड या मळ्याच्या तरुण मालकानं सगळी वाइन आपल्याच आवारात बाटल्यांत भरायला घेतली. तोवर ती पिंपातून व्यापाऱ्याकडे जायची आणि पुढे कुठे, कशी भरली जाईल याचा नेम नसे. लंडनच्या क्रिस्टीज या लिलावसंस्थेनं 1966 मध्ये वाइनचा स्वतंत्र विभाग काढला आणि घराघरांतल्या तळघरांतला माल रीतसर लिलावात येऊ लागला.

मागे वळून घेण्यात दोन धोके आहेत. पहिला, बनावट माल. रूडी कुर्नियावान या व्यापाऱ्यानं 2008 मध्ये फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या पाँसो घराण्याच्या क्लो सँ-दनी मळ्याच्या बाटल्या न्यूयॉर्कच्या लिलावाला काढल्या. त्यांवर 1945 ते 1971 ही सालं होती, आणि त्या मळ्याची वाइन पाँसोंनी काढायला सुरुवात केली होती 1982 पासून. 2013 मध्ये तो दोषी ठरला, नंतर दहा वर्षांची शिक्षा झाली. बाटली न उघडता तिच्यातलं सीझियम-137, म्हणजे अणुस्फोटांतून पसरलेलं किरणोत्सारी द्रव्य, मोजायची युक्तीही आहे. अणुस्फोटांपूर्वीच्या वाइनमध्ये ते नसतंच. पण या कसोटीचा खरा उपयोग ऐंशीच्या पुढच्या वाढदिवसांनाच.

दुसरा धोका आपल्या जन्मसालाचाच. 1961 किंवा 1982 च्या माणसाला बोर्दो हसत हसत सापडते. 1963, 1965, 1968 ही तिथली पावसानं नासलेली सालं. 1991 च्या एप्रिलमध्ये कडाक्याच्या थंडीनं कोवळे कोंब करपले. अशा वेळी बोर्दोचा हट्ट सोडावा. 1963 पोर्टसाठी अफलातून साल आहे. 1968 च्या माणसानं स्पेनची व्हेगा सिसिलिया बघावी, पैसे असतील तर. कोणत्याही सालाला चालेल अशी हमखास वाट म्हणजे पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेल्या गोड वाइन: दक्षिण फ्रान्सची रिव्हसाल्त, एकाच सालची टॉनी पोर्ट आणि पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरची मदेइरा. मदेइरा तर मुद्दाम उष्णतेत मुरवतात. तिचं जे बिघडायचं ते आधीच बिघडवून झालेलं असतं, म्हणून ती शंभर वर्षंही सहज काढते.

एक पळवाट मला फार आवडते. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडतात. मार्चमध्ये जन्मलेल्याच्या जन्मदिवशी ‘जन्मसालाच्या’ वाइनची द्राक्षं धरलीही नव्हती. पिंपांत होती ती आदल्या सालची. तेव्हा मार्च 1991 वाल्यानं 1990 ची बोर्दो खुशाल उघडावी. ते साल उत्तम होतं आणि हिशेबही बरोबर आहे. दक्षिण गोलार्धात तोडणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, तिथे हा हिशेब वेगळा.

बाटल्या निवडताना वाइनची पातळी गळ्यापर्यंत आहे ना, हे बघावं. ती खांद्याखाली उतरली असेल तर हवा आत गेली आहे. मैफलीआधी एक-दोन दिवस बाटली उभी ठेवली की गाळ तळाशी बसतो. जुनं बूच स्क्रूनं भुगा होतं, त्यासाठी दोन पातळ पात्यांचा ओपनर बरा. पन्नाशीची लाल वाइन तासभर आधी ओतून ठेवली तर पाहुणे येईतो तिचा वास उडालेला असतो. ती ग्लासात ओतायची आणि लगेच प्यायची. एखादी बाटली मेलेली निघणार हे धरूनच एक जादा ठेवावी. गोड वाइन शेवटी काढाव्या. उरलेली मदेइरा बूच लावून ठेवली तर महिनोन्‌महिने चालते, जुन्या लाल वाइन मात्र त्याच रात्री संपवाव्या लागतात.