ऊर्जाबचत आणि नवीकरणीय ऊर्जेवर पीएच.डी.: ठाणे-नवी मुंबईतील उमेदवारांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची वाट

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यांत काम करणारे अभियंते, या परिसरातील महाविद्यालयांचे अध्यापक आणि नुकतेच पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलेले विद्यार्थी ऊर्जा या विषयात पीएच.डी. करण्याविषयी चौकशी करतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा प्रवेश परीक्षेचा असतो. माझ्या पाहण्यात मात्र परीक्षेत अडकलेल्यांपेक्षा कागदपत्रांत अडकलेले उमेदवार अधिक आहेत, आणि त्यांतही जागेवर मोजमाप करण्याची लेखी परवानगी वेळेत न मिळाल्याने ज्यांचे एखादे वर्ष वाया गेले, अशांची संख्या थोडी नाही. म्हणून या लेखात परीक्षेबद्दल आवश्यक तेवढे आणि कागदांबद्दल सविस्तर लिहिले आहे.

पात्रता

पीएच.डी.चे किमान निकष विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनी ठरवले आहेत. 7 नोव्हेंबर 2022 रोजी अधिसूचित झालेल्या या विनियमांनुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची, किंवा चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी किमान 55 टक्के गुणांनी उत्तीर्ण असलेला उमेदवार पात्र ठरतो. चार वर्षांच्या म्हणजे आठ सत्रांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी.कडे वळता येते, पण तेव्हा किमान 75 टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रिमिलेयर गटातील इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना या गुणांत 5 टक्क्यांची सवलत आहे. वरच्या अटी पूर्ण करणाऱ्या अभियांत्रिकी पदवीधरालाही अर्ज करता येतो, मात्र एखादे विद्यापीठ आपल्या विद्याशाखेसाठी याहून कडक अट घालू शकत असल्याने त्या वर्षीची अधिसूचना शेवटच्या पानापर्यंत वाचावी.

ऊर्जेचा अभ्यास एका विद्याशाखेत मावत नाही आणि अर्ज भरताना पहिला गोंधळ इथेच होतो. पंप, बाष्पक (बॉयलर) आणि संपीडित हवेवरचे (कॉम्प्रेस्ड एअर) काम यांत्रिकी अभियांत्रिकीत जाते, छतावरील सौर संचाची जोडणी विद्युत अभियांत्रिकीत, सौर घटाच्या पदार्थांचा अभ्यास भौतिकशास्त्रात किंवा रसायनशास्त्रात, आणि घरगुती ग्राहक वीज का वाचवतात किंवा का वाचवत नाहीत हा प्रश्न अर्थशास्त्रात अथवा पर्यावरणशास्त्रात. ज्या विषयात अर्ज करायचा त्याच विषयाची पदव्युत्तर पदवी किंवा विद्यापीठाने संलग्न मानलेली पदवी हवी असते, त्यामुळे आधी प्रश्न ठरवून मग विद्याशाखा निवडलेली बरी.

परीक्षा आणि मुलाखत

मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात ठाणे, रायगड आणि पालघर हे जिल्हे येतात. या विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा ‘पेट’ या नावाने परिचित आहे. विनियमांनुसार विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे मूळ विषयावर असतात, मुलाखतीपर्यंत पोहोचण्यासाठी 50 टक्के गुण लागतात आणि अंतिम यादीत परीक्षेला 70 टक्के व मुलाखतीला 30 टक्के भार दिला जातो. राष्ट्रीय पातळीवरच्या कोणत्या परीक्षांमुळे पेटमधून सूट मिळते, याची यादी अधिसूचनेत दिलेली असते.

2024-25 या शैक्षणिक वर्षापासून आयोगाने ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी वापरण्याची मुभा विद्यापीठांना दिली आहे. नेटचा निकाल आता तीन गटांत लागतो: कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह, सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसह आणि केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातील गुण प्रवेशासाठी एकच वर्ष ग्राह्य असतात. नेटमध्ये यांत्रिकी किंवा विद्युत अभियांत्रिकी हे विषय नसल्याने अभियंत्यांना ‘गेट’ या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेकडे पाहावे लागते. गेटचे गुण निकालानंतर तीन वर्षे चालतात. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या उमेदवारांसाठी सीएसआयआर-नेट आहे.

पवईची आयआयटी मुंबई ठाणे आणि ऐरोलीकरांना विद्यापीठाच्या कलिना संकुलापेक्षा जवळ पडते. तेथे ऊर्जाविज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे आणि 2010 मध्ये सुरू झालेले प्रकाशविद्युत (म्हणजे सौर घटांच्या) संशोधन व शिक्षणाचे राष्ट्रीय केंद्रही तेथेच आहे. केंद्रीय संस्था असल्याने तिची प्रवेशपद्धती विद्यापीठाहून वेगळी आहे, आणि आरक्षणाची प्रमाणपत्रेही केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतात. राज्याच्या नमुन्यातील नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र जोडून निर्धास्त बसलेला उमेदवार तेथे अडतो.

कागदपत्रे

दहावीचे प्रमाणपत्र, पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणाची सर्व सत्रांची गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्रे, आधार, छायाचित्र आणि स्वाक्षरी ही कागदपत्रे सर्वांनाच ठाऊक असतात. दुर्लक्ष होते ते पुढच्या गोष्टींकडे. गुणपत्रकावर केवळ श्रेणीगुण असतील, तर त्यांचे टक्क्यांत रूपांतर करणारे विद्यापीठाचे पत्र किंवा गुणपत्रकामागे छापलेले सूत्र जोडावे लागते, कारण 55 टक्क्यांची अट स्वतःच्या हिशेबावर मान्य होत नाही. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या उमेदवाराला स्थलांतर प्रमाणपत्र लागते. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद हवी. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, पदवीवर दुसरे आणि आधारवर तिसरे अशी स्थिती असल्यास हे काम अर्जाच्या आधीच उरकावे.

आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांनी जात प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्र आणि जेथे लागू असेल तेथे चालू मुदतीचे नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र जवळ ठेवावे. नॉन-क्रिमिलेयर आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राची मुदत बहुधा 31 मार्चला संपते, आणि प्रवेशाची प्रक्रिया जूननंतर रेंगाळली की जुने प्रमाणपत्र निरुपयोगी होते. ही प्रमाणपत्रे ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून मागवता येतात. येथे स्थानिक रहिवाशांची एक हमखास चूक सांगितली पाहिजे. वाशी, नेरूळ, ऐरोली आणि सीबीडी बेलापूर ठाणे तालुक्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल यांनाही सर्वजण नवी मुंबईच म्हणतात, पण महसुली हिशेबात ती पनवेल तालुक्यात आणि रायगड जिल्ह्यात आहेत. खारघरच्या उमेदवाराने अर्जात ठाणे जिल्हा निवडला, की तो अर्ज परत येतो आणि दोन-तीन आठवडे हकनाक जातात.

नोकरदारांचे ना हरकत प्रमाणपत्र

अर्धवेळ पीएच.डी.ला विनियमांनी मान्यता दिली आहे, मात्र दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने ही पदवी घेता येत नाही. अर्धवेळ उमेदवाराला आपल्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात: उमेदवाराला अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, कामाचे स्वरूप पाहता त्याला संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी त्याला कामातून मोकळे केले जाईल. कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग ‘आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीवर शिक्का मारून देतात, आणि ते पत्र छाननीत टिकत नाही. स्वतः मसुदा करून न्यावा, म्हणजे सही करणाऱ्यालाही सोपे जाते.

ही तिसरी हमी केवळ औपचारिक नाही. प्रवेशानंतर किमान 12 श्रेयांकांचा (क्रेडिट) अभ्यासक्रम, ज्यात संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा भाग असतो, किमान 55 टक्क्यांनी उत्तीर्ण व्हावा लागतो. महापे किंवा रबाळ्यात पाळीची नोकरी असणाऱ्याने तासांचे वेळापत्रक पाहूनच संशोधन केंद्र निवडावे.

आराखडा, मार्गदर्शक आणि मोजमापाची परवानगी

विद्यापीठाच्या विभागात किंवा मान्यताप्राप्त संशोधन केंद्रात प्रवेश मिळतो, आणि मार्गदर्शकाकडे जागा रिकामी असावी लागते. प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून अर्जापूर्वी भेटून जागेची खात्री करून घ्यावी आणि वय विचारण्याचा संकोच करू नये.

मुलाखतीत खरी परीक्षा होते ती संशोधन आराखड्याची. ‘नवी मुंबईतील सौरऊर्जेचा अभ्यास’ हा विषय नव्हे, ते प्रकरणाचे शीर्षकही होणार नाही. त्याऐवजी तुर्भे आणि पावणे परिसरातील कारखान्यांच्या छतांवरील सौर पॅनेलवर साचणाऱ्या धुळीमुळे निर्मिती किती घटते आणि पॅनेल किती दिवसांनी धुणे परवडते, हा प्रश्न घ्या. त्यात काय मोजायचे हे ठरलेले आहे, कोठे मोजायचे हे ठरलेले आहे आणि उत्तर आकड्यात येणार आहे. एक किलोवॉटच्या संचातून दिवसाला सरासरी सुमारे 4 युनिट वीज मिळते असा ढोबळ हिशेब सर्वत्र धरला जातो, परंतु जून ते सप्टेंबर या काळातला ढगाळ कोकणी पावसाळा त्या सरासरीत दडून राहतो, म्हणून कोणतेही मोजमाप किमान बारा महिन्यांचे असल्याखेरीज त्याला या किनारपट्टीवर अर्थ नाही. ऊर्जाबचतीच्या बाजूला गृहनिर्माण संस्थांचे पाण्याचे पंप, लहान कारखान्यांतील संपीडित हवेची गळती, ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटरची शीतकरण यंत्रणा असे कितीतरी प्रश्न घराच्या उंबरठ्यावर आहेत. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा आहे, 2022 मध्ये त्यात झालेल्या सुधारणेने मोठ्या ग्राहकांना जीवाश्मेतर ऊर्जेचा ठरावीक वापर बंधनकारक करण्याची तरतूद आणली. त्यामुळे अशा अभ्यासांत कारखान्यांनाही रस वाटू लागला आहे.

हा रस तोंडी असून चालत नाही. माझ्या एका परिचिताला एका कारखान्याच्या व्यवस्थापकाने मोजमापाची आनंदाने संमती दिली होती. पाचव्या महिन्यात त्या व्यवस्थापकाची बदली झाली आणि नव्याने आलेल्या अधिकाऱ्याने फाटकातूनच परत पाठवले. पाच महिन्यांची नोंद होती, पण त्यात पावसाळा नव्हता, आणि पावसाळ्याशिवाय तो प्रबंध उभाच राहत नव्हता. म्हणून परवानगीचे पत्र कंपनीच्या पत्रशीर्षावर, पदाच्या नावाने, कालावधी आणि उपकरणांच्या उल्लेखासह घ्यावे. गृहनिर्माण संस्थेत मोजायचे असेल तर कार्यकारिणीचा ठराव मागावा, कारण अध्यक्ष पुढच्या निवडणुकीत बदलतात. सभासदांची वीजबिले वापरायची असल्यास प्रत्येकाची लेखी संमती वेगळी घ्यावी. वीजपुरवठादाराचेही पाहून घ्यावे: ठाणे शहर आणि नवी मुंबईत महावितरण आहे, तर कळवा-मुंब्रा भागात 2020 पासून टोरंट पॉवर, आणि माहिती मागण्याचे पत्र त्याप्रमाणे लिहावे लागते.

प्रवेशानंतरची मुदत

पदवीचा कालावधी अभ्यासक्रम धरून किमान 3 आणि कमाल 6 वर्षे आहे. पुनर्नोंदणी केल्यास आणखी 2 वर्षे मिळतात. महिला आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या उमेदवारांना याशिवाय 2 वर्षांची सवलत आहे. महिला उमेदवारांना संपूर्ण कालावधीत प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. अधिछात्रवृत्ती हवी असेल तर पूर्णवेळ प्रवेशाचा विचार करावा. नेटमधून मिळणारी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि पहिल्या दोन वर्षांनंतर 42,000 रुपये आहे, शिवाय घरभाडे भत्ता. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतील संशोधकांसाठी स्वतंत्र जाहिराती काढतात आणि त्यांच्या तारखा विद्यापीठाच्या तारखांशी जुळतीलच असे नाही.

प्रबंध सादर करताना वाङ्मयचौर्याची तपासणी होते. आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. परीक्षण आणि मौखिकी (तोंडी परीक्षा) प्रबंध सादर केल्यापासून 6 महिन्यांत पूर्ण व्हावी असा नियम आहे. पूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध असण्याची सक्ती होती, ती 2022 च्या विनियमांनी काढली, तरी विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते.

मौखिकीनंतर प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत आयोगाच्या इन्फ्लिबनेट या केंद्राकडे जाते आणि शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. ज्या कारखान्याने आपले वीजवापराचे आकडे दिले, त्याला हे पहिल्याच दिवशी सांगितलेले असावे, आणि परवानगीच्या त्या पत्रातच एक वाक्य असावे की आकडे प्रसिद्ध होतील, मात्र कारखान्याचे नाव प्रबंधात द्यायचे की केवळ ‘कारखाना क’ असे लिहायचे, हे कंपनी ठरवील.